टाकीवर आलेली पोरगी : एका कार्तिकी वारीचं प्रकरण

हे प्रकरण मागच्या कापसाच्या हंगामातलं. त्यातल्या माणसांना विचारूनच लिहितो आहे. गावाचं, माणसांचं नाव कुठंच दिलेलं नाही आणि ओळख पटेल अशा एकदोन बाबी बदलल्या आहेत. संध्याकाळच्या सामुदायिक प्रार्थनेला बसणारे, वारी करणारे, "हातून काही सेवा घडू दे" म्हणून रोज हात जोडणारे आपण सगळे. ती सेवा खरोखर दाराशी येऊन उभी राहते तेव्हा काय होतं, ते मी जवळून पाहिलं. त्यात माझाही भाग आहे. तो पुढं येईल.

पार्श्वभूमी

गाव पूर्णेच्या खोऱ्यात, खारपाणपट्ट्यातलं. जमीन काळीभोर, कापूस चांगला होतो, पण विहीर खणा की बोअर मारा, पाणी खारट. त्यात डाळ शिजत नाही. प्यायचं पाणी नळाचं, तेही दिवसाआड. हे पाणी येतं शहानूर धरणावरून, म्हणजे मेळघाटच्या डोंगरातून उतरलेलं. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

दसरा झाला की वावरात सीतादही होतं. दहीभाताचा नैवेद्य दाखवायचा, पराटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हात जोडायचे आणि मग पहिला वेचा सुरू. गावात वेचणीला माणसं पुरत नाहीत, म्हणून मुकादमामार्फत धारणी-चिखलदऱ्याकडची कोरकू कुटुंबं येतात. बायका, माणसं, म्हातारी आणि लेकरंही. वावरातल्या टिनाच्या शेडात राहतात, किलोवर वेचतात, आणि होळीच्या आत परत जातात. होळी हा कोरकूंचा सर्वात मोठा सण, त्या वेळी कोणी कितीही मजुरी दिली तरी ते थांबत नाहीत. माझ्या शेडात ही कुटुंबं सहा वर्षांपासून येत होती.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. चौतीस वर्षांची नोकरी. घरी ते आणि काकू दोघंच, मुलगा पुण्याला. पहाटे काकड आरती, मग घरची पूजा, संध्याकाळी प्रार्थना आणि हरिपाठ. काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन व्हायचं होतं तेव्हा गुरुजींनी कार्तिकी बोलली होती. ऑपरेशन चांगलं झालं. भजनी मंडळाची गाडी ठरली, गुरुजींनी दोघांचे पैसे भरले. सहा दिवसांची वारी होती.

अडचण कशी उभी राहिली

कोजागिरी झाल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशीची गोष्ट. सकाळचे साडेसहा. गुरुजी काकड्याहून येऊन पूजेला बसलेले. अंगणात त्यांची नळाच्या पाण्याची टाकी आहे. फाटकाशी दहा-अकरा वर्षांची पोरगी उभी. कडेवर वर्षभराचं लेकरू, हातात वीस लिटरची कॅन. माझ्या शेडावरची.

"पानी," एवढंच ती म्हणाली.

गुरुजी आतूनच ओरडले, "पूजा चालू हाये, मंग ये जो."

ती गेली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा आली. कारण उघड होतं. सातला वेचणीला निघायचं, म्हणजे पाणी त्याआधीच भरायला हवं. गुरुजींची पूजाही त्याच वेळची. त्या दिवशी काकूंनी उठून तोटी उघडून दिली. तिसऱ्या दिवशी काकू न्हाणीत होत्या, म्हणून गुरुजींनाच पूजेतून उठावं लागलं. गुरुजींनी मला पुढं सांगितलं, "खरं सांगतो, रागानंच उठलो मी. हातातलं गंध तसंच राह्यलं."

टाकीची तोटी बारीक. कॅन भरायला सात-आठ मिनिटं लागतात. पोरगी ओट्यावर टेकली, लेकरू खाली सोडलं आणि ओल्या बोटानं फरशीवर काहीतरी काढू लागली. समोर खताची रिकामी बॅग पडली होती, तिच्यावरची अक्षरं ती उतरवत होती. गुरुजी बघत राहिले. तिनं 'ब' काढला तो खालून वर. आधी काना, मग पोट, मग पोटातली तिरपी रेघ, आणि शेवटी डोक्यावरची रेघ न देताच बोट उचललं. चौतीस वर्षं पाटीवर हात धरून गिरवून घेतलेल्या माणसाला त्यात काय दिसलं असेल ते आपल्याला दिसणार नाही. झाड काढावं, घर काढावं, तसं ती अक्षर काढत होती. तिला ते लिहिता येत नव्हतं.

फरशी वाळली, अक्षर गेलं. कॅन भरली. पोरगी लेकरू कडेवर मारून, कॅन डोक्यावर घेऊन निघून गेली. पूजा राहिली ती राहिलीच, त्या दिवशी गुरुजी पुन्हा पाटावर बसले नाहीत.

चार दिवसांत त्यांनी शेडावरच्या लेकरांची संख्या काढली. शिकायच्या वयाची नऊ. कोणी दुसरीत, कोणी तिसरीत नाव असलेलं, पण दसऱ्यापासून होळीपर्यंत दरवर्षी शाळा बुडालेली. मोठी चार आईसोबत कापूस वेचत होती, बाकीची भावंडं सांभाळत होती. चौदा वर्षांच्या आतल्या पोरांकडून काम करून घेणं कायद्यात बसत नाही, हे मला माहीत होतं. "मायसंगं येतात, आम्ही थोडंच बोलावतो," असं म्हणून आम्ही सगळे शेतकरी त्याकडं डोळेझाक करत आलो. मीही.

आणि वारी बारा दिवसांवर आली होती.

समोरचे पर्याय

गुरुवारच्या प्रार्थनेनंतर गुरुजींनी हा विषय आमच्यापुढं ठेवला. तिथं झालेली चर्चा सविस्तर देतो, कारण पुढचं सगळं तिथूनच फुटलं.

पहिलं मत माझंच होतं. "वारी बोललेली हाये गुरुजी, देवाचं देणं ठेवू नका. जाऊन या, मंग पाहू." माझ्या बोलण्यात भक्ती किती आणि वेचणी खोळंबेल ही भीती किती, ते आज मी प्रामाणिकपणे सांगू शकतो. भीतीच जास्त होती.

दुसरं मत आलं की हे काम शाळेचं आहे, शाळेला कळवावं. ते चुकीचं नव्हतं. शिक्षणहक्काच्या 2009 च्या कायद्यानं अशा मुलाला वयाप्रमाणे वर्गात बसवून घ्यावं लागतं, आणि स्थलांतर करणाऱ्या मुलांसाठी आपल्याकडं शिक्षण हमी कार्डही असतं, ते घेऊन मूल दुसऱ्या गावच्या शाळेत बसू शकतं. तिसऱ्यानं सुचवलं की वह्या-पाट्या घेऊन द्याव्या, वर्गणी काढू. हा सर्वात सोपा मार्ग, म्हणून सगळ्यांच्या माना हलल्या.

एका वडीलधाऱ्यांनी नाथांची गोष्ट काढली. रामेश्वराला न्यायची कावड त्यांनी तहानेल्या गाढवाला पाजली, तसं करा म्हणाले. गुरुजींनी मान हलवली नाही. ते म्हणाले, "नाथांनी पाणी पाजलं अन् गाढव उठलं. इथं मले होळीलोक बसा लागते. एका दिवसाचा कळवळा असन तं चार दिवसांत आटते. म्हून विचारून राह्यलो."

देवानं दिलेली संधी की आपल्या मनाचा उमाळा, हा खरा प्रश्न होता, आणि गुरुजींनी तो टाळला नाही. आपल्याकडं दोन्ही बाजूंची माणसं पाहायला मिळतात. कोणी ठरलेल्या नेमापुढं दाराशी रडणारं माणूसही पाहत नाही. कोणी आज इकडं, उद्या तिकडं धावतो आणि प्रत्येक वेळी देवाचाच हुकूम सांगतो. गुरुजी नेमाचे माणूस. नेम मोडायचा तर त्यांना मनापेक्षा भक्कम कारण हवं होतं.

ते कारण काकूंच्या बोलण्यातून आलं. घरी गेल्यावर त्यांनी गुरुजींना विचारलं, "तुमी नवस माह्या डोळ्यासाठी बोलले ना? मंग माहं ऐका. पांडुरंग विटेवर उभा हाये, अठ्ठावीस युगं झाली. तो कुठी चाल्ला? पोट्टे होळीले जातीन."

पुंडलिकाची गोष्ट आपण सगळ्यांनी शंभरदा ऐकली आहे. देव दारी आला तेव्हा पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. त्यानं वीट फेकली आणि थांबायला सांगितलं. मी त्या गोष्टीचा अर्थ नेहमी आईबापांची सेवा एवढाच घेतला. काकूंच्या बोलण्यानंतर मला त्यातलं दुसरं दिसलं. देव थांबू शकतो. ज्यांना थांबता येत नाही अशांचं काम पुढ्यात असेल तर तेच आधी करावं, आणि देवाला त्याचा राग येत नाही. तो विटेवर उभा राहतो. कार्तिकीनंतर माघी आहे, चैत्री आहे. नऊ पोरांची तिसरी-चौथी मात्र निघून चालली होती.

आमच्या मुलखात हे सांगायला लांब जायला नको. गाडगेबाबा अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे, मामाच्या घरी मूर्तिजापूरकडच्या दापुऱ्यात वाढलेले. इथल्याच पूर्णेवर, ऋणमोचनला त्यांनी घाटाचं काम केलं. पंढरपुरात त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या आणि सारा वेळ यात्रेकरूंच्या सेवेत घालवला. बाबांची दशसूत्री शाळेच्या भिंतीवर गुरुजींनी मुख्याध्यापक असतानाच रंगवून घेतली होती. भुकेल्यांना अन्न, तहानेल्यांना पाणी, उघड्यानागड्यांना वस्त्र, आणि चौथ्या ओळीत गरीब मुलामुलींच्या शिक्षणाला मदत. दुसरी ओळ कॅन घेऊन फाटकात उभी होती. चौथी ओल्या बोटानं ओट्यावर लिहीत होती.

गुरुजींनी वारीचे पैसे परत घेतले नाहीत. त्यांच्या जागेवर गावातल्या दोन विधवा बाया गेल्या.

काय केलं, आणि कुठं चुकलं

पहिल्या दिवशी गुरुजींनी सकाळी दहाला आपल्या ओट्यावर सतरंजी टाकली, फळा टेकवला आणि वाट पाहिली. एकही पोर आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. वारी सोडून बसलेला माणूस, समोर रिकामी सतरंजी. "देवानं माही परीक्षा घेतली," असं ते म्हणाले तेव्हा काकू सरळ बोलल्या, "परीक्षा कायची? तुमी त्यायच्या मायले पुसलं काय?"

पुसलंच नव्हतं. तिसऱ्या संध्याकाळी कापसाचा काटा, म्हणजे वजन, झाल्यावर दोघं शेडावर आले. मी तिथंच होतो. पाण्याला येणाऱ्या त्या मोठ्या पोरीच्या आईनं चुलीपासून न उठताच विचारलं, "लडकी आयेगी तो छोटे को कौन देखेगा?" यावर गुरुजींजवळ उत्तर नव्हतं. काकूंजवळ होतं. "मी पाहीन," म्हणाल्या. मग सगळं जुळलं. वेळ ठरली ती वेचणी आणि काट्यानंतरची, साडेसहा ते आठ. जागा मारुतीच्या देवळाचा ओटा, कारण तिथं लाईट आहे आणि शेडावरून रस्ता जवळ. लेकरं काकूंजवळ. "देवळात कशाले?" असं दोघा-तिघांनी कुजबुजून पाहिलं, पण गुरुजींपुढं बोलायची कोणाची छाती झाली नाही.

दुसरी चूक भाषेची. गुरुजींनी सुरुवात प्रार्थनेनं केली, मग बाराखडी. पोरं गप्प. प्रश्न विचारला की खाली पाहायची. पाच-सहा दिवस असे गेले. एके दिवशी गुरुजींनी 'पाणी' लिहून तांब्याकडं बोट दाखवलं, तेव्हा मोठी हळूच म्हणाली, "डा." गुरुजींनी विचारलं, "डा म्हंजे?" पोरं हसली. कोरकूत पाण्याला डा म्हणतात. कोरकू देवनागरीतच लिहितात. गुरुजींनी फळ्यावर 'डा' लिहिलं, त्याखाली 'पाणी'. मोठी उठून फळ्याशी आली, खडू घेतला आणि पुन्हा खालून वर काढायला लागली. गुरुजींनी तिचा हात धरला, वरच्या रेघेशी नेला, आणि सोडून दिला. दोनच खडूच्या ओढीत अक्षर उतरलं. चाळीस वॅटच्या पिवळ्या उजेडात ते फळ्यावर जरा वाकडं दिसत होतं, पण ते लिहिलेलं होतं.

त्यानंतर रोज पोरं गुरुजींना पाच शब्द शिकवायची आणि गुरुजी पोरांना पाच.

दिवसा शाळेत बसवण्याचं काम सावकाश झालं. सध्याच्या मुख्याध्यापकांनी अडवलं नाही, पण आया तयार व्हायला जानेवारी उजाडला. चार पोरं शाळेत जाऊ लागली. पाच शेवटपर्यंत फक्त रात्रीच्या वर्गाला आली.

काट्यावरचा दिवस

हे लिहायला मला बराच वेळ लागला.

गणित शिकवायला गुरुजींनी कापसाचाच हिशोब घेतला. आईनं किती वेचलं, किलोला दहा रुपये, तर किती झाले. पोरांना त्यात गोडी लागली, कारण ते घरचे पैसे होते. डिसेंबरच्या शेवटी एका संध्याकाळी मी काटा करत होतो. मोठीच्या आईचं गाठोडं लावलं. इलेक्ट्रॉनिक काट्यावर आकडा आला 38.6. मी वहीत लिहिलं 38. आमच्याकडं असंच लिहितात. वरचे ग्रॅम सोडायचे, दव असतं, कचरा असतो, असं आपणच आपल्याला सांगायचं.

पोरगी काट्याशी उभी होती. तिनं काट्याकडं पाहिलं, वहीकडं पाहिलं, आणि मोठ्यानं वाचलं, "अडतीस पॉइंट सहा." भांडणासाठी तिनं ते म्हटलं नव्हतं. आपल्याला वाचता आलं याचा तो आनंद होता. ती माझ्याकडं शाबासकीसाठी पाहत होती.

मी काय बोलावं मला सुचलं नाही. तिची आई खाली मान घालून गाठोडं सोडत होती. तिला ते आधीपासून माहीत असावं असं मला त्या क्षणी वाटलं, आणि तेच जास्त लागलं.

त्या रात्री मी हिशोब मांडला. चौदा वेचणारे, चाळीस दिवस, सरासरी अर्धा किलो. दोनशे ऐंशी किलो. 2,800 रुपये. आणि हे एका हंगामाच्या अर्ध्याच भागाचं, सहा वर्षांपैकी. मी प्रार्थनेला बसतो, ती तोंडपाठ म्हणतो. गुरुजींकडं पाण्याला आलेली पोरगी हे गुरुजींसाठी देवाचं बोलावणं आहे, असं मी मानून चाललो होतो. ती माझ्या काट्याशीही येऊन उभी राहील असं मनात आलं नव्हतं.

माझ्यासमोर पर्याय तीन होते. गप्प बसून पुढच्या दिवसापासून बरोबर लिहायचं. मुकादमाजवळ एकरकमी काही देऊन टाकायचं. किंवा सगळ्यांसमोर सांगून द्यायचं. पहिल्या दोहोंत माझी लाज वाचत होती, म्हणून मी तीन दिवस त्यातच घुटमळलो. चौथ्या दिवशी काकूंनी विचारलं, "भाऊ, काटा बरोबर हाये ना तुमचा?" कोणी सांगितलं होतं त्यांना, ते मी विचारलं नाही. संध्याकाळी वही घेऊन शेडावर बसलो, प्रत्येकीचे दिवस मोजले आणि ज्याचे त्याला पैसे हातात दिले. गुरुजी सोबत होते, एक शब्द बोलले नाहीत. मागच्या पाच वर्षांचे देऊ शकलो नाही. तेव्हाच्या वह्या नाहीत, आणि काही माणसं आता येत नाहीत. तेवढं बाकी आहे.

निष्पत्ती

होळीआधी कुटुंबं गेली. नऊपैकी तिघं सोपा उतारा न अडखळता वाचू लागली होती, मोठी त्यांत होती. चौघांना अक्षरओळख आणि शंभरपर्यंतचे आकडे आले. दोघं जानेवारीतच गेली, दुसरा वेचा संपल्यावर त्यांचे आईबाप दुसऱ्या गावी कामाला गेले. शाळेत बसलेल्या चौघांना जाताना शिक्षण हमी कार्ड मिळालं.

गुरुजींनी कार्तिकी सोडली ती नवसातून सुटका म्हणून नाही. चैत्री एकादशीला दोघं पंढरपूरला जाऊन आले. गर्दी कमी होती, काकूंना दर्शन निवांत झालं.

काट्याची गोष्ट गावात पसरली. दोन शेतकरी आता पॉइंटसकट लिहितात. बाकीचे माझ्यावर थोडे रागावले आहेत.

काय वेगळं करता आलं असतं

आयांना आधी विचारायला हवं होतं. पहिले दोन दिवस वाया गेले यापेक्षा, त्यांच्या लेकरांचं आपण परस्पर ठरवलं हे मला चुकीचं वाटतं. देवाचं काम आहे म्हणून माणसाची परवानगी लागत नाही, असं मनात कुठंतरी असतं आपल्या.

सगळं एका गुरुजींवर टाकलं, हीही चूकच. जानेवारीत त्यांना ताप आला, आठ दिवस ओटा बंद. गावात शिकलेली पोरं-पोरी बसून आहेत, आम्ही एकालाही बोलावलं नाही. गुरुजी वारी सोडतात हे पाहून आम्ही गहिवरलो, आणि गहिवरून घरी गेलो.

मधेच गेलेल्या दोघांना कार्ड देता आलं नाही. कुटुंबं आली त्याच आठवड्यात नावं, वय, मूळ शाळा लिहून घेतली असती तर ते हातून सुटलं नसतं.

आणि माझं. सहा वर्षं ती लेकरं माझ्याच धुऱ्यावर खेळत होती. मी काही मोठी संधी मागत होतो देवाजवळ. गावात सप्ताह व्हावा, आपल्या हातून अन्नदान व्हावं. शेडात पिण्याचं पाणी नाही हे मला दिसत होतं आणि ते मला देवाशी जोडता आलं नाही.

यंदा दसऱ्याआधी मी नळाची पाइपलाइन शेडापर्यंत नेली, टाकी बसवली. मुकादमाला फोन केला तेव्हा माणसं किती याआधी लेकरं किती हे विचारलं. सात आहेत म्हणाला. मोठीचं कुटुंब यंदा परतवाड्याकडं गेलं, त्याला जास्त माहिती नव्हती.

गुरुजींना पाइपलाइनचं सांगितलं. ते ओट्यावर बसले होते, तिथंच जिथं ती फरशीवर लिहायची. जरा वेळ काही बोलले नाहीत.

"म्हंजे आता पाण्याले माह्या दारी कोणी येत नाही."

"नाही येणार."

"बरं केलं," म्हणाले. मग उठून आतून फळा घेऊन आले आणि फडक्यानं पुसू लागले. "आता मलेच याव लागते तिकडं. साडेसहाले काटा होऊन जाते ना तुह्या?"